लेगोचं शहर घरात वसवतेय: टेबल, रस्ते, रूळ... अनुभवी मंडळींनी बोला

निळीवीट
४ जून

बरीच वर्षं इथे रोमातच (नुसती वाचत) होते. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मुलगी गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेली. खोली रिकामी झाली आणि माळ्यावरचे लेगोचे सहा खोके खाली आले. खरं सांगायचं तर त्यातले चार तिचे, दोन माझे. सातवीत गेल्यावर तिला 'आता मी मोठी झाले' असं वाटायला लागलं आणि नेमका तेव्हाच मला हा नाद लागला. नवऱ्याला वाटायचं मी तिच्यासाठी घेते, तिला वाटायचं बाबांना माहीत आहे. असो.

ऐवज असा (आकडे संचांचे नंबर): मॉड्युलर, म्हणजे एकमेकींना जोडता येणाऱ्या, इमारती तीन: कॉर्नर गॅरेज १०२६४, बुकशॉप १०२७० आणि असेंब्ली स्क्वेअर १०२५५. प्रवासी गाडी ६०१९७, सोबत १६ वाकडे रूळ आणि थोडे सरळ. लेकीचं जुनं पोलीस ठाणं (छप्पर गायब), अग्निशमन केंद्र, पिझ्झाची गाडी, आणि सुटे ठोकळे साधारण पाच किलो.

खोली १० बाय ११, ठाणे, चौथा मजला. खिडकीखालच्या भिंतीला लावून ८ बाय ४ ची प्लायची अख्खी शीट टाकायची, असं मनात आहे. कागदावर हिशोब केला. ३२ स्टडची (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा) बेसप्लेट (सगळ्याच्या खालची चौकोनी पाटी) म्हणजे २५.६ सेंमी. चार फुटांत तशा चार बसतात. वर १६ स्टडचा रस्ता, ८ स्टडचा रूळ. एकूण १५२ स्टड, म्हणजे १२१.६ सेंमी. चार फूट म्हणजे १२१.९. तीन मिलिमीटर उरले!! एवढा आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

प्रश्न: टेबलाची उंची किती ठेवू? रस्ते आधी की इमारती? आणि मोठा प्रश्न, धूळ.

सुतारपक्षी
४ जून

ताई, हिशोब सुरेख. टेबल चुकलंय.

आपल्याकडे स्वयंपाकाचा ओटा दोन फुटांचाच का असतो? मागच्या भिंतीची टाइल पुसायला हात तेवढाच पोचतो म्हणून. चार फूट खोल टेबल भिंतीला लावलंत, तर मागच्या दीड फुटात काय पडलं, काय निखळलं, ते काढायला टेबलावर चढावं लागेल. शहरावर गुडघा टेकून. मी नाशकात गेली वीस वर्षं फर्निचरचं काम करतो. गिऱ्हाईक माप देतं ते खोलीचं. हाताचं माप कोणी देत नाही.

अडीच फूट, त्याच्या वर नको. दोन शीट घ्या, दोन्ही लांबीत कापून घ्या, अडीच आणि दीड. अडीचच्या दोन पट्ट्या एल आकारात लागतील. दीडच्या उरतात त्यांची खाली मांडणी करा, खोके ठेवायला. वाया काही जात नाही.

प्लाय १९ मिमी, वॉटरप्रूफ ग्रेडच घ्या. साधा कमर्शियल प्लाय ठाण्याच्या पावसाळ्यात पोट काढतो आणि मग रूळ वर-खाली होतात. पाय म्हणून स्लॉटेड अँगलची मांडणी चालते, स्वस्त पडते, नटबोल्ट खोलून हलवता येते. भिंतीपासून दीड इंच सोडा. वायरी जातील आणि ओल लागणार नाही. उंची ३६ इंच. खुर्चीत बसून खेळायचं असेल तर ३०, पण तुम्ही बसणार नाही हे आत्ताच सांगतो.

आणि प्लाय आणण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून त्या मापाचं शहर मांडा. आठ दिवस राहू द्या. मग माझ्याशी भांडा.

गणितमास्तर
४ जून

१५२ स्टडच्या आनंदाशी पूर्ण सहमत.

अवांतर: २ बाय ४ च्या एकाच रंगाच्या सहा विटा किती प्रकारे जोडता येतात? कंपनी कित्येक वर्षं १०,२९,८१,५०० सांगत होती. पण तो आकडा फक्त एकावर एक, सहा थरांच्या मनोऱ्यांचा. कोपनहेगन विद्यापीठातल्या सोरेन आयलर्स या गणितज्ञांनी सगळ्या रचना संगणकाकडून मोजून घेतल्या. उत्तर ९१,५१,०३,७६५. सहा विटांत ही तऱ्हा, तुमच्याकडे पाच किलो आहेत. चालू द्या.

खिडकीतला_कावळा
५ जून

खिडकीखाली अजिबात नको. पांढऱ्या विटा उन्हाने पिवळ्या पडतात, आणि पिवळेपणा एकसारखाही येत नाही, जिकडून ऊन येतं त्याच बाजूला. माझं पांढरं हॉस्पिटल आता एका बाजूने कावीळ झाल्यासारखं दिसतं. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवलं की रंग परततो. मी केलंय. पण त्यासाठी अख्खी इमारत खोलावी लागते.

उत्तरेचा_वारा
५ जून

डेन्मार्कमधून (आरहूस) हजेरी. लेगोचं गाव बिलुंड इथून गाडीने दीड तासाच्या आत, त्यामुळे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे न्यावंच लागतं. लेगोलँड १९६८ पासूनचं, आणि २०१७ ला उघडलेलं लेगो हाउस वेगळं. माझ्या दोन्ही ठिकाणी मिळून बाराएक फेऱ्या झाल्या असतील.

लेगोलँडच्या मिनीलँडमधली (विटांच्या छोट्या शहरातली) घरं १:२० प्रमाणात आहेत, उघड्यावर, ऊनपावसात, विटा चिकटवलेल्या. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. तिथे अर्धी जागा मोकळी असते. पाणी, गवत, चौक. घरी मांडताना आपण प्रत्येक बेसप्लेटवर काहीतरी उभं करतो आणि मग ते शहर न वाटता दुकानातलं फडताळ वाटतं.

म्हणून 'रस्ते आधी की इमारती' याचं माझं उत्तर: रस्ते आधी, मग मोकळ्या जागा, इमारती शेवटी. इमारती तुमच्याकडे आहेतच, त्या कुठे पळत नाहीत.

रुळांचं सुतारपक्षींच्या मापाशी जुळतंय बघा. लेगोच्या वाकड्या रुळाची त्रिज्या रुळाच्या मध्यापर्यंत ४० स्टड. १६ रुळांचं पूर्ण वर्तुळ बाहेरून बाहेर ८८ स्टड, म्हणजे ७०.४ सेंमी. अडीच फूट म्हणजे ७६.२. दोन्हीकडे जेमतेम तीन सेंमी उरतात. वळणावर डबा बाहेर झुकतो त्याला तेवढी जागा लागतेच.

दोन रुळांच्या मधे मोकळे राहतात ७२ स्टड. मॉड्युलर इमारत ३२, रस्ता १६, समोरच्या बाजूला १६ खोलीची छोटी दुकानं, आणि उरलेल्या ८ मधे झाडं, बाकडी. ३२+१६+१६+८. आता हा आनंद घ्या.

निळीवीट
६ जून

तुम्ही लोक वेडे आहात. मला हवे होते तसेच.

काल रात्री जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. नवरा म्हणाला, रंगकाम काढलंस का. हाताचं माप घेतलं: ३६ इंच उंचीवर थोडं वाकून ७४ सेंमी. चार फूट रद्द, एल आकार नक्की. खिडकीची भिंत सोडून उरलेल्या दोन भिंती घेतल्या.

सुतारपक्षी
६ जून

शाब्बास. आता एक गोम. एलच्या आतल्या कोपऱ्यात (जिथे तुम्ही उभ्या राहाल तिथे) आतला रूळ ४० च्या त्रिज्येने वळताना टेबलाच्या बाहेर जातो. मी काढून बघितलंय. तिथे सात-आठ इंच बाजूचा त्रिकोणी तुकडा जोडून घ्यावा लागेल. सुताराला आत्ताच सांगा, नंतर सांगितलंत तर तो एका त्रिकोणाचे वेगळे पैसे लावेल. माझ्याच जातीबद्दल बोलतोय.

बाहेरचा रूळ त्याच वळणाने घ्यायचा, फक्त वळणाच्या अलीकडे पाच आणि पलीकडे पाच सरळ रूळ जास्तीचे. सरळ रूळ १६ स्टडचा, पाचांचे ८०, आणि दोन रुळांच्या मध्यांतलं अंतरही ८०. चोख बसतं.

हिशेबनीस
७ जून

सगळं छान आहे, पण या सगळ्याला पैसे किती जातात ते कोणी बोलत नाही. तीन मॉड्युलरच्या पैशांत घरातली जुनी वॉशिंग मशीन बदलून झाली असती. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. मुलांच्या खेळण्यावर एवढा खर्च, तेही मोठ्या माणसाने?

निळीवीट
७ जून

वॉशिंग मशीन चालू आहे हो काका. आणि मी सोनं घेत नाही, साड्या घेत नाही, गाडी नवऱ्याची आहे. एवढं चालवून घ्या.

दोन_बाय_चार
७ जून

हिशेबनीस, शुल्काचं बरोबर आहे. म्हणूनच बरेच जण दुसऱ्या कंपन्यांच्या जुळणाऱ्या विटा घेतात. त्यात बेकायदा काही नाही. विटेचं पेटंट १९५८ चं, ते कधीच संपलं, आणि विटेचा आकारच ट्रेडमार्क म्हणून मिळावा ही मागणी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळली. दुसऱ्याच्या सेटची हुबेहूब नक्कल, खोक्यावरच्या चित्रासकट, ही मात्र चोरीच.

माझा नियम: जे दिसत नाही ते स्वस्त. टेकडीचं पोट, पुलाचे खांब, बेसप्लेटखालची भर. जिथे टाइल (स्टड नसलेला सपाट तुकडा) टाइलला चिकटून बसायची तिथे ओरिजिनल. स्वस्त विटांतून एकदा आठ मजली इमारत केली होती. सहाव्या मजल्यावर ती इतकी फुगली की खिडक्या बसेनात. एकेका विटेत केसभर फरक, पण पन्नास विटांचा मिळून अख्खा एक स्टड झाला.

ठाकूरद्वारचा_चाळकरी
९ जून

धागा उशिरा पाहिला. वय वर्षे ७१. नातवामुळे या फंदात पडलो. नातू सुटला, मी अडकलो.

निळीवीटताई, तुमचा कोपरा कोण घेणार आहे? गॅरेज? गॅरेज वाईट नाही, पण आमच्या मुंबईत कोपरा इराण्याचा. या मॉड्युलर मालिकेची सुरुवातच २००७ साली कॅफे कॉर्नर नावाच्या इमारतीने झाली, १०१८२. नाव वाचून मला वाटलं बन मस्का मिळणार. आत पाहिलं तर काहीच नाही, नुसते रिकामे मजले. तेव्हाच ठरवलं, आपला इराणी आपणच करायचा.

केला. सांगतो कसा. कोपरा सरळ ९० अंशांत न ठेवता तिरका छाटला आणि दार तिथेच. दोन्ही रस्त्यांवरून गिऱ्हाईक दिसलं पाहिजे, त्याशिवाय इराणी गल्ल्यावर बसत नाही. फरशी काळी-पांढरी, २ बाय २ च्या टाइल आडव्या-उभ्या. टेबलाला पांढरी गोल टाइल, तो संगमरवर. खुर्च्या तपकिरी, वाकवलेल्या लाकडाची पाठ काही साधत नव्हती, शेवटी मिनीफिगरच्या (लेगोच्या छोट्या माणसाच्या) हातातली साखळदंडाची बेडी उलटी लावली, झकास कमान आली. गल्ल्यामागे बरण्या: पारदर्शक १ बाय १ च्या गोल विटा, वर एकेक तपकिरी गोल टाइल, ती नानखटाई.

शेजारी चाळ. हे मात्र सहा महिने चाललं. मिनीफिगर साधारण १:४२ च्या मापाचा धरला तर १० बाय १२ ची आमची खोली म्हणजे ९ बाय ११ स्टड. एवढ्यात आम्ही आठ जण राहत होतो. पहिल्यांदा ती खोली बांधून हातात घेतली, तेव्हा बायकोला दाखवली. ती म्हणाली, मोरी कुठाय? मोरी राहिलीच होती. पुन्हा खोलली.

गॅलरी ४ स्टड रुंद, कठड्याला तपकिरी कुंपणाचे तुकडे. वाळत घातलेले कपडे कसे करायचे यावर आठवडा गेला. शेवटी नातवाच्या सुपरहिरोंचे कापडी झगे काढून दोरीवर टाकले. लाल, काळे, निळे. लांबून थेट लुगडी नि चादरी वाटतात. नातू अजून बोलत नाही माझ्याशी.

खिडकीतला_कावळा
९ जून

काका!! फोटो!!

मेथीचे_लाडू
९ जून

+१. आणि बायकोने मोरी विचारली ते वाचून डोळ्यांत पाणी आलं हसून.

उत्तरेचा_वारा
१० जून

काका, दंडवत. ट्रॅम पण हवी हो रस्त्यात.

ठाकूरद्वारचा_चाळकरी
१० जून

ट्रॅम आहे ना. ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वडील घेऊन गेले होते, गर्दीत काही दिसलं नाही, वडिलांच्या खांद्यावरून फक्त छप्पर दिसलं. माझ्या शहरात ती १९६४ नंतरही चालते, आणि शेजारी बेस्टची जुनी लाल डबलडेकरही. ती २०२३ च्या सप्टेंबरात गेली. दोघी एकाच रस्त्यावर. कोण विचारतो.

निळीवीट
२ जुलै

टेबल आलं. त्रिकोणासकट! सुताराने विचारलं, 'मॅडम, हे नेमकं काय ठेवणार?' मी म्हटलं, आगगाडी. तो म्हणाला, 'मग फ्रेमला मधे एक आडवी पट्टी वाढवतो.' पैसे नाही लावले.

आता रडगाणं. रस्त्यांसाठी नव्या रोड प्लेट घेतल्या, २०२१ पासूनच्या, ज्या दोन प्लेटइतक्या (प्लेट म्हणजे पातळ वीट) जाड असतात. मांडल्या आणि बघते तर रस्ता वर, फूटपाथ खाली! मॉड्युलरची बेसप्लेट पातळ, तिच्यावर फूटपाथची एकच टाइल. पाऊस पडला तर बुकशॉपमध्ये पाणी शिरणार.

सुतारपक्षी
२ जुलै

हे तर हुबेहूब आपल्या नगरपालिकेचं काम झालं. दरवर्षी जुन्यावर नवं डांबर, सोसायटीचं जोतं खाली.

सनबोर्ड घ्या, ५ मिमीचा, बॅनर छापणाऱ्यांकडे तुकडे मिळतात. इमारतीच्या बेसप्लेटच्या मापाचे कापून खाली घाला. चिकटवू नका.

उत्तरेचा_वारा
३ जुलै

सनबोर्ड उत्तम. दुसरा उपाय, बाहेरचे बरेच लोक वापरतात तो, मिल्स नावाचा: बेसप्लेटवर जागोजागी विटांचे टेकू, त्यावर प्लेटचा थर. म्हणजे प्रत्येक चौकोनाला एक वीट आणि एक प्लेट एवढी जाडी, अख्खं शहर एका पातळीवर, आणि त्या पोटात वायरी, नाले, तळी. वीट ९.६ मिमी, प्लेट ३.२, झाले १२.८. फायदा असा की चौकोन उचलला की त्यावरचं सगळं एकत्र उचलतं. तोटा: विटा खूप लागतात. दोन_बाय_चार म्हणाले ते स्वस्त पोट इथे कामी येईल.

निळीवीट
१९ जुलै

सनबोर्डने काम झालं. तीन रुपयांत फूटपाथ वर. (तुकडे होते, त्याने फुकटच दिले होते, मी बळंच तीन नाणी ठेवली.)

गाडी सुरू केली. पहिल्याच फेरीत शेवटच्या डब्याने दिव्याचा खांब उडवला. वळणाच्या आतल्या बाजूला डब्याचं पोट आत येतं हे कोणी सांगितलं नव्हतं! खांब चार स्टड मागे घेतला. दुसऱ्या फेरीत असेंब्ली स्क्वेअरच्या मागे रूळ सोडून पडली. आवाज आला, दिसत काहीच नाही. इमारत फूटभर उंच, तिच्यामागे हात घालून चाचपडताना गच्चीवरची कुंडी खाली. खेळ दहा मिनिटांत आटोपला.

आणि गाडी हळू का चालते? नवीन रिचार्जेबल सेल घातलेत.

दोन_बाय_चार
१९ जुलै

सेलमुळेच. गाडीच्या हबमध्ये (सेलच्या डब्यात) सहा ट्रिपल-ए लागतात. साधे दीड व्होल्टचे, म्हणजे ९. रिचार्जेबल १.२ चे, म्हणजे ७.२. गाडी म्हातारी होते पण चालते. रोज चालवणार असाल तर म्हातारी परवडली.

मागच्या बाजूला सांधा बदलायचे रूळ कधीही ठेवू नका. घसरायचं असेल तिथेच घसरते. मागे फक्त सरळ रूळ, तेही एकदा हात फिरवून एका पातळीत आहेत ना बघून घेतलेले. आणि मॉड्युलर इमारती एकमेकींना ज्या पिनांनी जोडतात त्या काढून टाका. एक इमारत पुढे सरकवून हात घालता आला पाहिजे. पिना लावल्या की तिन्ही एकदम ओढाव्या लागतात.

सुतारपक्षी
२० जुलै

किंवा मागून झरोका. प्लायला मागच्या कडेला एक खाच, हात जाईल एवढी. पुढच्या वेळी.

आळीव_पेरणारा
२१ जुलै

धागा वाचून लहानपण आठवलं. आम्ही दिवाळीत किल्ला करायचो तेव्हा याच गोष्टी: विहीर कुठे, रस्ता कुठून वळतो, मावळे कुठे उभे करायचे, आणि मोठा भाऊ कायम म्हणायचा, आधी डोंगर, मग घरं. आळीव पेरून चार दिवसांत गवत. इथे गवताची प्लेट विकत घ्यावी लागते, एवढाच फरक.

ठाकूरद्वारचा_चाळकरी
२१ जुलै

फरक आहे हो. किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकायचा, मग मोडायचा. हे मोडवत नाही. माझ्या घरात चाळ पाच वर्षं उभी आहे, जागा अडते, सून काही बोलत नाही, पण बघते.

मेथीचे_लाडू
२२ जुलै

धुळीचं कोणीच बोललं नाही! निळीवीटताईंचा मूळ प्रश्न.

माझ्या अनुभवाने: पंखा सुरू असताना शहर उघडं ठेवू नका. पंखा धूळ उडवत नाही, तो ती शहरावर आणून टाकतो. जुनी सुती साडी चौघडी करून रात्री टाकायची. प्लास्टिक नको, खाली दमट होतं. आठवड्याला एकदा मऊ ब्रश, मी मेकअपचा नवा ब्रश ठेवलाय, आणि वरून खाली. वर्षातून एकदा सुटे भाग कपडे धुवायच्या जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात. कोमट म्हणजे ४० अंशांच्या आत, कंपनीच सांगते, त्याहून गरम पाण्यात वाकतात. स्टिकर लावलेले भाग पाण्यात नाही.

आणि पालीचं काय करावं कोणाला माहीत आहे का? माझ्या अग्निशमन केंद्राच्या गच्चीवर एक वस्तीला आहे. माणसांच्या मापाने ती दोन मजली आहे.

खिडकीतला_कावळा
२२ जुलै

पालीला नाव द्या आणि शहराच्या इतिहासात घाला.

निळीवीट
१४ ऑगस्ट

छोटा अपडेट. वर्गवारी. पाच किलो ठोकळे मी आधी रंगाने वेगळे केले, पंधरा दिवस घालवले. घोर चूक. लाल डब्यात लाल १ बाय २ शोधायला जीव जातो, सगळंच लाल. आता आकाराने लावले: प्लेट, टाइल, उतार, खिडक्या. रंग डोळा आपोआप वेचतो. बारीक भागांना घरातला जुना मसाल्याचा डबा घेतला, सात वाट्या. हळदीच्या वाटीतल्या पांढऱ्या टाइल किंचित पिवळट झाल्यात, ते उन्हाने नव्हे.

दिवे केले. दिवाळीच्या तांदूळ-दिव्यांची माळ, लोहार चाळीतून आणलेली, इमारतींच्या मागून वर. बुकशॉपच्या खिडकीतून पहिल्यांदा पिवळा उजेड बाहेर फूटपाथवर पडला तेव्हा मी खोलीतला मोठा दिवा बंद केला आणि बराच वेळ काही केलं नाही. नवरा दारात येऊन उभा होता, कळलंच नाही. तो म्हणाला, 'तो वरच्या मजल्यावरचा दिवा जरा जास्त आहे, तिथे कोणी झोपलेलं असेल.' तेव्हापासून तो शहरात सामील आहे.

हिशेबनीस
१५ ऑगस्ट

वरच्या मजल्याला कागदाचा पडदा लावा. ट्रेसिंग पेपर, दोन रुपये.

निळीवीट
१५ ऑगस्ट

काका, तुम्ही पण!

निळीवीट
२८ ऑक्टोबर

धागा वर काढतेय. लेक सुट्टीला आली होती.

मी उत्तरेच्या वाऱ्यांचं ऐकून चौकात एक ३२ बाय ३२ ची हिरवी बेसप्लेट मोकळी ठेवली होती. पाहुणे आले की हमखास विचारायचे, 'इथे काय येणार?' मी म्हणायचे, काही नाही. लेकीने मात्र विचारलं नाही. पहिल्या रात्री जेवून खोलीत गेली ती दोन वाजता बाहेर आली.

सकाळी बघते तर तिने तिचं बिनछपराचं पोलीस ठाणं उचलून रुळांच्या पलीकडे टाकलेलं, 'छप्पर दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावून. आणि मोकळ्या जागेत मधोमध एक झाड. तपकिरी विटांचं खोड, त्याला मुळं पसरलेली, वर नाना आकारांची हिरवी पानं ठासून. खोडाभोवती राखाडी विटांचा गोल पार. कुठून काढलं विचारलं तर म्हणाली, आजीच्या गावचा आहे. तो पार तिने बघितला तेव्हा ती पाच वर्षांची होती. पारावर दोन माणसं बसवली आहेत, त्यातलं एक अंतराळवीर आहे, कारण बसणारे पाय त्याचेच मिळाले.

बाकी सगळं तसंच. गाडी धावते, मागे घसरत नाही. पिना काढल्यात. साडी रात्री टाकते.

ठाकूरद्वारचा_चाळकरी
२८ ऑक्टोबर

पाराखाली कुत्रा ठेवलाय का? झोपलेला हवा.

निळीवीट
२८ ऑक्टोबर

ठेवलाय काका. झोपलेला माझ्याकडे नव्हता, उभाच आहे. लेक म्हणाली, आत्ताच उठलाय.